बिननावाची हाक

१

आमच्या चौकात सिग्नल नाही. होता, तो उपटून नेला. लाल-हिरवे दिवे माणसाच्या डोळ्यांसाठी असतात. गाडी हाकायला माणूसच उरला नाही तर दिवे दाखवायचे कुणाला? आता चार कोपऱ्यांवर चार खांब आहेत. वर डोळे, पोटात पेटी. खांब गाड्यांशी बोलतात ते आपल्याला ऐकू येत नाही. कुणी आधी जायचं, कुणी कुणाच्या मागून, किती वेगाने, हे गाडी येण्याआधीच ठरलेलं असतं. मग गाड्या येतात आणि न थांबता एकमेकींतून पार होतात, वेणीचे पेड जातात तशा. पहिल्यांदा बघणारा डोळे गच्च मिटून घेतो.

मी मिटले नाहीत. म्हणून मला झेंडा मिळाला.

आमच्या हानयांग वस्तीतली म्हातारी माणसं असल्या चौकात पाय टाकायला तयार होईनात, तेव्हा वस्ती समितीने प्रत्येक चौकात हात धरून नेणारं कुणीतरी नेमायचं ठरवलं. समितीच्या बाईने विचारलं, "चाई आजी, शिक्षण किती?"

"शाळेची पायरी चढले नाही. अक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून शिकले आणि भांडायला कुणी शिकवावं लागलं नाही. झेंडा द्यायचा तर दे, नाहीतर ऊन वाढतंय, मला घरी जाऊ दे."

दंडावर लाल पट्टी बांधून दिली.

खांबांचं एक सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. माणूस पांढऱ्या पट्ट्यांवर उतरला की खांब त्याला ओळखतो आणि गाड्यांच्या वेणीत फट पाडतो. तरणाताठा असला तर खांबातून टकटकटक असा घाईचा आवाज येतो. म्हातारं असलं तर टक... टक... असा, दम खात. आणि मूल असलं तर वर घंटी वाजते, किणकिण. मग गाड्या आणखी लांब थांबतात. माणूस रस्ता ओलांडतो तसा आवाजही त्याच्याबरोबर एका खांबाकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. मासळीवाली जिआंग पन्नाशीची, केस कुळकुळीत रंगवलेले. खांबाने तिला टक... टक... वाजवलं तेव्हा तिने पायातली चप्पल काढून खांबाला हाणली. "मुडद्या, तुझी आई म्हातारी!" समोरच्या कोपऱ्यावर झेंडा धरणारा लाओ श्योंग, त्याने एकदा कुत्र्याला नातवाचं झबलं घालून रस्त्यात सोडलं. घंटी वाजली नाही. खांब फसत नाही.

माझ्या कोपऱ्यासमोर, रस्त्यापलीकडे, घाटरस्त्याचं तोंड आहे. पूर्वी तिथून नदी ओलांडणाऱ्या बोटी सुटायच्या. लाओ श्योंगचं अर्धं आयुष्य त्या बोटींवर गेलं. आता तो रस्ता थोडा आत जाऊन भिंतीला टेकतो. भिंतीवर करकोचे रंगवलेत. भिंतीमागे नदी.

भिंत या उन्हाळ्यातली. त्याआधी वसंतात, एका सकाळी, माझ्या मुलाची टॅक्सी घाटाच्या उतारावर मिळाली. दिवे लागलेले, दार उघडं. हानशेंग मिळाला नाही. गिऱ्हाइकं त्याला शिफू म्हणायची, कुठल्याही चालकाला म्हणतात तसं, उस्ताद या अर्थाने. मग ती गिऱ्हाइकं चालक नसलेल्या गाड्यांत बसू लागली आणि सवयीने रिकाम्या खुर्चीलाच म्हणू लागली, "शिफू, इथेच थांबवा."

लोक म्हणतात मी रडले नाही. नाही रडले. दुसऱ्या दिवशी रोजच्या गाड्यावर उभ्याने नूडल्स खाल्ल्या, तिळाच्या वाटणात कालवलेल्या. चव लागली नाही. अजून लागत नाही. पण माणूस खातो.

मागे राहिली युनयुन, सहा वर्षांची. तिची आई पेईलान शेनझेनला कारखान्यात असते. नव्या वर्षाआधी ती पोरीला तिकडे नेणार हे ठरलेलं. तोवर पोर माझी. शाळा घाटरस्त्याच्या बाजूला, घर माझ्या बाजूला. दुपारी लाओ श्योंग तिला पट्ट्यांपर्यंत आणून सोडायचा, मी पलीकडे जाऊन तिचा हात धरायची आणि आम्ही यायचो. टक... टक... माझं, किणकिण तिचं.

"ऐक आजी, मी वाजले!" ती रोज म्हणायची. रोज.

२

सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला संध्याकाळी गेलेल्यांना कपडे पाठवतात. ज्याला कबर नाही किंवा कबर लांब आहे, त्याचे चौकात पाठवायचे. चार वाटा मिळतात तिथून कुठेही पोचतं. जमिनीवर चॉकने गोल काढायचा, तो पुरता मिटवायचा नाही. गेलेला माणूस ज्या दिशेला असेल त्या दिशेला तोंड उघडं ठेवायचं. आत कागदाचे कपडे मांडायचे, नाव घेऊन हाक मारायची, आणि पेटवायचं.

समितीने लोखंडी पिंपं ठेवली होती, त्यात जाळा म्हणून. पिंपाला तोंड कुठलं असतं, वर? माझा मुलगा आभाळात नाही.

मी गोल रंगाने काढला. रस्त्यावर पट्टे मारणारी माणसं डबा विसरून गेली होती, अर्धा भरलेला. माझ्या कोपऱ्यावर, कडेला, ऐसपैस गोल काढला, आणि तोंड समोर भिंतीकडे ठेवलं.

शेजारी स्वतःच्या बापासाठी गोल काढत लाओ श्योंग बसला होता. त्याने बघितलं. "चाई, चॉकने काढ."

"चॉक पुसला जातो."

"पुसला जायलाच हवा ना. एक दिवसाचं दार असतं ते. माणूस येतो, घेतो, जातो. मग दार लागलं पाहिजे."

"माझ्या मुलाच्या तोंडावर दार लावू? तुझ्या बापाच्या लाव."

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा नदीशी बोललेलं बरं."

"मग जा. भिंत चढता येते का बघ."

कागदाचं जाकीट आणलं होतं, निळं, तो घालायचा तसं. दुकानदार कागदाची टॅक्सीही दाखवत होता. ती मी घेतली नाही. जाकीट मांडलं, पँट मांडली. काडी पेटवली. आता हाक मारायची.

मी दिवसभर त्या चौकात ओरडते. माझा आवाज पुलापर्यंत जातो असं लोक म्हणतात. मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. घसा दाटला, भरून आलं, तसलं काही नव्हतं. नुसतं काही आलं नाही. नळ उघडावा आणि पाणी गेलेलं असावं तसं. काडी बोटापर्यंत आली. मी पुन्हा तोंड उघडलं. हानशेंग, एवढंच म्हणायचं होतं. त्याचं नाव मीच ठेवलेलं.

युनयुनने माझ्याकडे बघितलं. मग तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि भिंतीकडे बघून जोरात हाक मारली.

"बाबा! या! कपडे आणलेत!"

बापाचं नाव मुलं घेत नाहीत. तिने तरी दुसरं काय म्हणायचं?

मी पेटवलं. लाओ श्योंग हातातला चॉक तसाच धरून बसला होता. "नाव कुणी घेतलं नाही," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःशी, कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सकाळी पाण्याची गाडी आली आणि चौकातले सगळे गोल धुऊन गेली. माझा राहिला.

३

काही दिवस गेले. ऊन कमी व्हायचं नाव घेत नव्हतं. एका सकाळी मी खांबाच्या सावलीत उभी होते आणि गाड्या थांबल्या.

थांबतात कधी कधी. पण त्या समोरच्या बाजूला थांबल्या, भिंतीच्या तोंडाशी, आणि पट्ट्यांवर कुणी नव्हतं. पलीकडच्या खांबातून आवाज येत होता. टकटकटक. घाईचा. पलीकडच्या रांगेतच तो बंद झाला आणि गाड्या सुटल्या.

पहिल्या गाडीत एक जाडा माणूस होता. त्याने पुढच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "शिफू, काय झालं?" मग माझ्याकडे बघून ओशाळला.

पलीकडून लाओ श्योंग ओरडला, "चाई! तुझ्या धाकाने थांबल्या बघ!"

"तुझ्या तोंडाचा वास गेला असेल!"

हसलो. विसरले असते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा झालं, त्याच्या पुढच्या दिवशीही. दर वेळी भिंतीकडून सुरू आणि दर वेळी अलीकडे आणखी थोडं. आधी फक्त पलीकडच्या रांगेतल्या गाड्या थांबायच्या. मग मधल्या थांबू लागल्या. कुणी पाण्यात उतरतं तेव्हा आधी घोट्यापर्यंत जाऊन परत येतं, मग गुडघ्यापर्यंत, तसं.

मी खुळी नाही. भिंत पांढरी आहे, ऊन तिच्यावरून परत येतं, खांबाचे डोळे दिपत असतील. करकोचे रंगवलेत, एखादा करकोचा माणसासारखा दिसत असेल. हे सगळं मी स्वतःला सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं.

पण आवाज टकटकटक होता. तरण्या माणसाचा.

मी कुणाला कळवलं नाही. नूडल्सच्या गाड्यावरून एक वाटी जास्त घेऊ लागले. गोलाजवळच्या कट्ट्यावर ठेवायची. तिखट जास्त, हानशेंगला लागायचं तेवढं. दुपारपर्यंत ती वाळून जायची, मग मी ती खायची. मला चव लागत नव्हतीच.

एके दिवशी अलीकडची रांगही थांबली. आवाज रस्ता पार करून माझ्या खांबापर्यंत आला आणि बंद झाला. मी गोलाकडे बघितलं. रंग, डांबर, ऊन. आणि काही नाही. मला भीती वाटली का? नाही. आनंद झाला का? तोही नाही. मी वाटी थोडी पुढे सरकवली.

४

प्रवाशांनी तक्रारी केल्या, म्हणून खांबांच्या कंपनीने फांगला पाठवलं. तिशीची पोर, डोक्यावर टोपी, हातात खांबांना दिसतं ते दाखवणारा पाटीएवढा पडदा. तिने चारी खांब उघडून बघितले, माझ्या हातचा गार चहा प्यायली, मग गोलाशी उकिडवी बसली.

"आजी, हे कुणी काढलं?"

"मी."

"हे घासून काढावं लागेल. इथल्या पांढऱ्या रंगाचा प्रत्येक पट्टा म्हणजे खांबांना हुकूम असतो. हा गोल त्यांना काय वाटत असेल कोण जाणे. इथे कुणीतरी येऊन उभं राहतं, त्याला वाट द्या, असं काहीतरी वाचत असतील."

"बरोबरच वाचतात मग."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पुढे जळलेल्या कागदाची काळी खूण बघितली आणि आवाज खाली आणला. "कोण?"

"मुलगा."

"माझ्याकडे घासायचं यंत्र आज नाही," ती म्हणाली. पोर चांगली आहे. यंत्र गाडीत होतं, मला दिसत होतं.

ती सामान आवरत होती तेवढ्यात शाळा सुटली. लाओ श्योंगने पोरीला पलीकडे आणून उभं केलं. मी झेंडा उघडला, गेले, तिचा हात धरला. आलो. टक... टक... किणकिण.

"मी वाजले!" युनयुन फांगला म्हणाली.

"वाजलीस तर! खणखणीत!" फांगने तिचा गाल ओढला.

आम्ही तिघी कोपऱ्यावर उभ्या होतो तेव्हा भिंतीकडचा खांब पुन्हा सुरू झाला. फांग वळली, पडदा वर केला. पट्ट्या रिकाम्या. गाड्या थांबल्या, पलीकडची रांग, मधली, अलीकडची.

टक... टक... टक...

मला आधी वाटलं, मीच ऐकण्यात चुकले. मी उभी होते तिथेच उभी होते, माझ्यासाठी तो वाजायचं कारण नव्हतं. तरी मी एक पाऊल मागे घेतलं. आवाज तसाच. दम खात येणारा, एकेक पाय उचलून टाकणारा.

हानशेंग चौतीस वर्षांचा होता. लहानपणापासून कधी चालला नाही, पळायचा.

"रोज असाच आवाज येतो?" फांगने विचारलं.

तेवढ्यात युनयुन माझा हात ओढू लागली. ती रस्त्याकडे बघत होती, रिकाम्या पट्ट्यांच्या बरोबर मध्ये, आणि तिची नजर हळूहळू आमच्या दिशेने सरकत होती.

"आजी," ती म्हणाली, "बाबा एवढे हळू का चालतात?"

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाओ श्योंगच्या कोपऱ्यावर गेले. तो शेंगा सोलत बसला होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याने पिशवी बाजूला ठेवली.

"त्या घाटावर किती माणसं गेली?" मी विचारलं.

"आज हे कशाला?"

"विचारते ते सांग."

"पुराच्या साली बोट उलटली तेव्हाची धरू? त्याच्या आधीची धरू? ज्यांची वाट बघणारी पोरं म्हातारी होऊन मेली तीही धरू?" तो नदीकडे बघायला वळला आणि समोर भिंत आली. "चाई, त्यातला दर दुसरा माणूस कुणाचा ना कुणाचा बाबाच होता. पोरीने 'बाबा, या' म्हटलं. नाव नाही घेतलं. इतक्या वर्षांत कुणी 'बाबा' म्हटलं नसेल त्यांना. कोण उठणार नाही?"

"तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो. तू मला भिंत चढायला सांगितलंस."

मी परत आले. गोलाच्या तोंडाशी उभी राहिले, भिंतीकडे बघून श्वास भरला, आणि या वेळी नाव आलं. "हानशेंग! पेंग हानशेंग!" बाजारातली माणसं वळली. कबुतरं उडाली. तीन वेळा मारली हाक. पुलापर्यंत गेली असेल.

पलीकडचा खांब वाजला. टक... टक... टक... तोच. आपल्या चालीने आला आणि गोलाशी थांबला. त्याला नावाशी काही देणंघेणं नव्हतं.

मी फांगला फोन केला. "यंत्र घेऊन ये. आत्ता."

ती आली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली आणि तिने तो रंग घासून काढला. पांढरी भुकटी उडाली, डांबर उघडं पडलं. मीच म्हणत होते, इथे राहिलंय, तिथे राहिलंय, काही ठेवू नकोस. लाओ श्योंग रस्ता ओलांडून धावत आला. टक... टक... त्याची चाल त्याच्यापेक्षा हळू वाजत होती.

"थांबा! आत आहे की बाहेर, ते बघितलंत का?"

"काय आत?" फांगने यंत्र बंद केलं.

"आधी पाठवायचं असतं, चाई. बाहेर काढायचं, मग दार लावायचं. आत घेऊन दार मोडलंस तर तो जाणार कुठून?"

खाली गोल नव्हता. घासलेल्या डांबराचा फिकट डाग होता. मी त्याला म्हटलं, "तुझी बडबड पुरे, शाळा सुटेल." माझा आवाज नेहमीसारखाच होता.

दुपारी शाळा सुटली. मी पलीकडे गेले, पोरीला घेतलं, आलो. टक... टक... किणकिण. ती म्हणाली, "मी वाजले." सगळं जिथल्या तिथे. कोपऱ्यावर चढलो, आवाज थांबला, गाड्या पुन्हा एकमेकींतून जाऊ लागल्या. मी उजव्या हाताने झेंडा गुंडाळत होते. डाव्या हातात तिचा हात होता, घामेजलेला, गरम. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघते. तिचा हात माझ्या हातात होता. मी तो सोडला नाही.

माझ्या डोक्यावरचा खांब वाजला. टक... टक...

पहिल्यांदाच माझ्या बाजूने. अलीकडची रांग थांबली. पट्ट्यांवर कुणी उतरलं नव्हतं. मनात आलं, जातोय. गेला. सुटलो.

आणि त्यावर घंटी वाजली.

मी आधी रस्त्याकडे बघितलं. रिकामा. मग पोरीकडे. तिचा एक हात माझ्या हातात. दुसरा हात वर उचललेला, मोठ्या माणसाच्या हाताएवढ्या उंचीवर, आणि बोटं मिटलेली, कशावर तरी. तो हात रस्त्याच्या दिशेने ताणला गेला. खांदा ताणला गेला. पाय जागचे हलले नाहीत. मग बोटं उघडली आणि हात खाली पडला.

किणकिण अलीकडच्या रांगेतून मधल्या रांगेत गेली. मधलीतून पलीकडे. टक... टक... बरोबर होतंच. पलीकडे लाओ श्योंग उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन पावलं बाजूला झाला. भिंतीकडच्या खांबात घंटी एकदा वाजली आणि थांबली.

"बाजूला का झालास?" मी त्याला नंतर विचारलं.

तो माझ्याकडे बघेना. "वाट द्यावी लागते, चाई," एवढंच म्हणाला.

६

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली नाही.

मी पलीकडे गेले, तिचा हात धरला, आम्ही उतरलो. टक... टक... टक... माझं. तिचं नाही. ती काही म्हणाली नाही. मी म्हटलं, "आज वाजली नाहीस."

"हो," ती म्हणाली.

फांग आली, खांब उघडले, बंद केले. जिआंगच्या नातवाला पट्ट्यांवर चालवलं, घंटी वाजली. शाळेतल्या जुळ्या बहिणींना चालवलं, वाजली. युनयुनला माझ्याबरोबर चालवलं, तर टक... टक... आणि वर काही नाही. फांगने पडद्यात बघितलं, पुसून पुन्हा बघितलं.

"काय दिसतं?" मी विचारलं.

"बिघाड असेल, आजी. वरच्यांना कळवते." तिने पडदा पिशवीत घातला. जाताना तिने त्या दिवशीसारखा पोरीचा गाल ओढला नाही. तेव्हापासून दुसराच कुणी येतो.

एकदा युनयुनचा हात सुटला. एकदाच. लाओ श्योंगला खोकला आला, त्याने तोंडावर हात नेला, तेवढ्यात ती एकटी उतरली. कुठलाच खांब वाजला नाही. गाड्यांनी वेग कमी केला नाही. एक गाडी तिच्या इतक्या जवळून गेली की तिचे केस उडाले. आत बसलेली बाई ओरडली. गाडीला काही कळलं नाही. पोर रस्त्याच्या मध्ये उभी राहिली, घाबरली नाही, रडली नाही. मी झेंडा घेऊन धावले तेव्हा गाड्या थांबल्या. माझ्यासाठी.

घरी ती शहाण्यासारखी वागते. कोथिंबीर काढून टाकायची, ती आता खाते. कमळकाकडीचं सूप दिलं तर संपवते, नाही दिलं तर मागत नाही. झोप म्हटलं की झोपते. पेईलान फोनवर तिच्याशी बोलते आणि मग मला म्हणते, "आई, किती गुणी झाली हो! काय केलंत?"

"काही नाही केलं."

"मी सुट्टी टाकली आहे. नव्या वर्षाच्या आधीच येते न्यायला. एवढी शहाणी झाली म्हणजे तिकडे रुळेल पटकन."

"इतक्यात नको नेऊस."

"आई, आपलं ठरलंय. तुम्हाला एकटं वाटेल, मला कळतं."

काय सांगू तिला? तुझी मुलगी ने म्हणू? कुठली नेणार आहेस? ही इथून गेली तर घंटीबरोबर गेलेली ती परत कुणाकडे येईल?

झाडांना बारीक पिवळी फुलं येतात आमच्याकडे शरदात, सगळ्या शहराला वास येतो. यंदा लोक म्हणतात आला. एका दुपारी लाओ श्योंग रस्ता ओलांडून आला, माझ्या पायाशी रंगाचा डबा ठेवला आणि परत गेला. कुठून आणला, विचारलं नाही. त्याच फिकट डागावर मी गोल काढला. तोंड भिंतीकडे ठेवलं. कंपनीची माणसं येऊन घासतात. मी पुन्हा काढते. समितीची बाई म्हणाली, "चाई आजी, झेंडा काढून घ्यावा लागेल." मी म्हटलं, "हात लावून बघ."

आता रोज, शाळा सुटल्यावर, पोरीला घेऊन मी घरी जात नाही. कोपऱ्यावर गोलाशी उभी राहते. डाव्या हातात तिचा हात. तो आता गरम नसतो, गारही नसतो. भिंतीकडे तोंड करून मी हाक मारते. "पोरी, ये" म्हणत नाही. कुणाचीही पोर असेल तिथे. पूर्ण नाव घेते, आडनावासकट, जन्मगावासकट, बापाच्या नावासकट.

"पेंग युनयुन! हानयांगच्या पेंग हानशेंगची युनयुन!"

लोकांना सवय झाली आहे. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणतात, आणि मला वळसा घालून जातात.

काल पलीकडचा खांब वाजला. टकटक नव्हतं. नुसती घंटी, एकटी, अगदी बारीक. भिंतीकडची रांग थांबली. मी श्वास भरून पुन्हा हाक मारली. मधली रांग थांबली. रस्ता रिकामा होता आणि मधोमध घंटी वाजत होती, पुढे येत नव्हती, मागे जात नव्हती. दोन्हीकडून बोलावलं की लहान मूल उभं राहतं, तशी. मी हाक मारत राहिले. आवाज पुलापर्यंत गेला असेल.

माझ्या डाव्या हाताला हलकीशी ओढ बसली.

"आजी," ती म्हणाली, "कुणाला बोलावतेस?"

मी खाली बघितलं नाही. घंटी अजून वाजत होती.